तोतया ई-मेल : ओळख आणि वर्दी

इ. स. २०१३ मध्ये महाराष्ट्र शासनाच्या माहिती तंत्रज्ञान विभागाचे सचिव राजेश अग्रवाल यांनी, माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० खालील न्यायनिर्णय अधिकारी या नात्याने, एका वादाचा निकाल दिला. तक्रारदार पुण्याची पूना ऑटो अँसिलरीज ही खासगी कंपनी होती. प्रतिवादींमध्ये प्रमुख पंजाब नॅशनल बँक होती. कंपनीच्या चालकांनी बँकेकडून आल्यासारख्या दिसणाऱ्या एका ई-मेलला उत्तर दिले होते आणि त्यानंतर पुण्यातील त्यांच्या खात्यातून ८० लाख १० हजार रुपये परस्पर काढले गेले होते. फसवणुकीसाठी उघडलेल्या खात्यांची बँकेने योग्य ती छाननी केली नव्हती. सबब बँकेने ४५ लाख रुपये भरपाई द्यावी, असे अधिकाऱ्यांनी ठरविले. परंतु फसव्या पत्राला उत्तर देणाऱ्या तक्रारदारानेही हानीचा वाटा उचलला पाहिजे, असेही त्याच निकालात म्हटले गेले.

निकालाचा हा दुसरा भाग भाषेच्या अभ्यासकाला विचार करावयास लावणारा आहे. पत्र वाचणे आणि त्याला उत्तर देणे ही सर्वस्वी भाषिक कृती होय. त्या कृतीतील गफलतीचे मोल येथे लाखांच्या हिशेबात मोजले गेले. पिंपरी-चिंचवड आणि चाकण या औद्योगिक पट्ट्यात, जेथे खरेदी-विक्रीचा जवळजवळ सर्व पत्रव्यवहार ई-मेलने चालतो, तेथे असे पत्र ओळखता येणे ही केवळ संगणक-विभागाची बाब राहत नाही. हे पत्र कशावरून ओळखावे आणि ओळखल्यावर, किंवा फसगत झाल्यावर, वर्दी कोणाला व किती त्वरेने द्यावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

१. संज्ञा

अशा पत्रव्यवहारास ‘फिशिंग’ म्हणतात. ही संज्ञा १९९६ च्या सुमारास अमेरिकेत रूढ झाली. मासे पकडण्याच्या इंग्रजी शब्दाचेच ते मुद्दाम वेगळ्या वर्णांनी केलेले लेखन आहे. मराठीला ही कल्पना अपरिचित नाही. ‘गळाला लागणे’, ‘आमिष दाखविणे’, ‘जाळ्यात ओढणे’ हे वाक्प्रचार त्याच व्यवसायातून आले आहेत. तथापि गळ ही केवळ अर्धी गोष्ट झाली. आमिषापेक्षाही ते कोणाच्या नावाने दाखविले जाते याला येथे महत्त्व आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये नॅसकॉम विरुद्ध अजय सूद या खटल्यात फिशिंगचा विचार केला, तेव्हा एखाद्या विश्वसनीय संस्थेचे सोंग घेऊन व्यक्तीची खासगी माहिती काढून घेणे हेच त्याचे व्यवच्छेदक लक्षण मानले गेले.

या अर्थासाठी मराठीत ‘तोतया’ हा नेमका शब्द आहे. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचे नाव घेऊन जो पुरुष पुढे आला, त्याला कोकणात काही काळ मोठे पाठबळ मिळाले, आणि १७७६ मध्ये त्याला देहान्त शासन झाल्यावरच ते प्रकरण संपले. त्याच्या यशाचे कारण सोंगाच्या हुबेहूबपणात जितके होते, तितकेच भाऊ परत यावेत या लोकांच्या इच्छेत होते. तोतया ई-मेलही वाचणाऱ्याच्या मनात आधीपासून असलेल्या अपेक्षेवर किंवा धास्तीवर उभा राहतो : येणे असलेली रक्कम, भरावयाचा कर, वरिष्ठांचा हुकूम, तुटू पाहणारी वीज.

२. क्षेत्राचे स्वरूप

हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा पिंपरी येथील कारखाना १९५४ मधील. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पिंपरी, चिंचवड, भोसरी, आकुर्डी हा भाग बजाज व टेल्को यांच्या वाहन-उद्योगाभोवती वाढला. १९८२ मध्ये येथे महानगरपालिका आली. पुढे उद्योगाचा ओघ नाशिक रस्त्याने चाकणकडे वळला. फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ यांचे तेथील कारखाने २००९ मध्ये, तर महिंद्रचा २०१० मध्ये सुरू झाला.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने या मोठ्या नावांपेक्षा त्यांच्या मागे असलेली पुरवठ्याची उतरंड अधिक महत्त्वाची आहे. मोटार बनविणाऱ्या कंपनीला जुळणी केलेले भाग देणारा एक कारखाना असतो. त्याला सुटे भाग देणारे दहा असतात. त्यांना प्लेटिंग, हीट ट्रीटमेंट किंवा डाय करून देणाऱ्या लहान शेड त्याहून कितीतरी अधिक असतात. प्रत्येक पायरीवर कोटेशन, पर्चेस ऑर्डर, चलन, बिल आणि पेमेंटची सूचना यांची ये-जा चालते. यंत्रे व टूल्स जर्मनी, जपान, कोरिया, तैवान किंवा चीन येथून येतात; त्यांची आगाऊ रक्कम प्रोफॉर्मा इन्व्हॉइसच्या आधारे परदेशी बँकेत पाठविली जाते. लहान कारखान्यात हे सर्व काम एकच अकाउंटंट पाहतो. त्याची आणि परदेशी विक्रेत्याची भेट बहुधा कधीही झालेली नसते. त्यांचा संबंध सर्वस्वी लिखित शब्दाचा असतो.

आणि हा लिखित शब्द ज्या व्यवस्थेतून वाहतो, ती मुळातच विश्वासू आहे. ई-मेल पाठविण्याचा मूळ संकेत १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा संगणकांचे जाळे परस्परपरिचित संस्थांपुरते मर्यादित होते. पाठविणाऱ्याने आपले नाव खरे लिहिले आहे की नाही, हे तपासण्याची तरतूद त्यात नव्हती. पोस्टाच्या पाकिटामागे कोणीही कोणाचेही नाव लिहू शकतो, त्यातलाच हा प्रकार. हे व्यंग दूर करण्यासाठी पुढे अनेक उपाय योजले गेले. पण ते योजणे प्रत्येक संस्थेच्या दक्षतेवर अवलंबून राहिले.

३. अशुद्ध भाषा हे लक्षण नव्हे

फसवे पत्र भाषेच्या चुकांवरून ओळखावे, असा उपदेश दीर्घकाळ केला गेला. चुकीचे वर्णलेखन, विस्कळित वाक्ये, भाषांतरित वाटणारी मराठी ही त्याची लक्षणे सांगितली जात. भाषेच्या प्राध्यापकाला हा उपदेश सुखावणारा आहे. पण तो आता पुरेसा नाही, आणि पूर्वीही तितकासा खरा नव्हता. मायक्रोसॉफ्टच्या संशोधन-विभागातील कॉर्मॅक हर्ले यांनी २०१२ मध्ये असे प्रतिपादन केले की, अशा पत्रांतील ढोबळपणा हा काही वेळा फसविणाऱ्याच्या सोयीचाच असतो. चाणाक्ष वाचक पहिल्याच पत्राला हसून बाजूला होतो, आणि पुढील श्रम ज्यांच्यावर करणे फायद्याचे तेच गळाला उरतात. म्हणजे चूक हा अडाणीपणाचा पुरावा नसून ती चाळणी असू शकते.

२०२२ च्या अखेरीस चॅट-जीपीटी सर्वांना उपलब्ध झाल्यानंतर तर या कसोटीचा उरलासुरला आधारही गेला. जगाच्या कोणत्याही कोपऱ्यातील माणसास आज शासकीय वळणाचे, व्याकरणशुद्ध मराठी पत्र क्षणार्धात मिळू शकते. उलट, भोसरीच्या एखाद्या खऱ्या पुरवठादाराचे घाईत लिहिलेले, इंग्रजी-मराठी मिसळलेले पत्र व्याकरणाच्या कसोटीवर सहज नापास होईल. शुद्धतेवरून सत्यता ठरविणारा वाचक खऱ्याला दूर लोटील आणि तोतयाला आत घेईल.

न्यायशास्त्रात आप्ताचे वचन प्रमाण मानले आहे. तेथे क्रम असा की, बोलणारा आप्त आहे हे आधी ठाऊक असते आणि म्हणून त्याचे वचन प्रमाण ठरते. तोतया हा क्रम उलटा करतो. आप्ताच्या तोंडी शोभेल असे वचन तो प्रथम समोर ठेवतो, आणि त्या वचनाच्या थाटावरून वाचकाने त्याला आप्त मानावे अशी योजना करतो. तेव्हा ओळखण्याची पहिली शिस्त हीच की, पत्राच्या भाषेवरून पत्रलेखक ठरवू नये. मग काय पाहावे? दोन गोष्टी : पत्ता आणि मागणी.

४. पत्त्याचा विग्रह

ई-मेल उघडला की ठळक अक्षरांत पाठविणाऱ्याचे नाव दिसते. ते नाव पाठविणाऱ्याने स्वतः भरलेले असते. त्याला पुराव्याचे मूल्य नाही. मोबाइलच्या पडद्यावर अनेकदा एवढेच नाव दिसते, म्हणून पैशाचा प्रश्न असेल तेव्हा नावावर बोट ठेवून संपूर्ण पत्ता उघडून पाहणे अवश्य आहे.

हा पत्ता वाचण्याची रीत मराठी व्याकरणाच्या विद्यार्थ्यास चटकन समजण्यासारखी आहे. तत्पुरुष समासात दुसरे पद प्रधान असते. राजवाडा हा वाडा असतो, राजा नव्हे; ‘राज’ हे पद त्या वाड्याचे केवळ विशेषण होय. संकेतस्थळाचे नावही असेच उत्तरपदप्रधान असते. ‘खरी-बँक.तपासणी-केंद्र.कॉम’ असा पत्ता असेल, तर शेवटच्या ‘कॉम’ या प्रत्ययाच्या लगत डावीकडे जे पद आहे ते मालकाचे. म्हणजे हा पत्ता ‘तपासणी-केंद्र’ नावाच्या कोणा मालकाचा आहे. ‘खरी-बँक’ हे त्याने आपल्या इच्छेने लावलेले पूर्वपद आहे. ज्याच्या हाती उत्तरपद, तो पुढे वाटेल ते पूर्वपद जोडू शकतो. त्यास कोणाची अनुमती लागत नाही. ‘को.इन’ यासारखा जोडप्रत्यय असेल तर त्याच्या लगतचे पद पाहावे. पत्त्यात तिरकी रेघ आली असेल, तर पहिल्या एकेरी तिरक्या रेघेनंतरचा मजकूर मालकीच्या विचारातून सोडून द्यावा. डोळा डावीकडून वाचतो आणि पहिल्या ओळखीच्या शब्दावर विसावतो; तोतयाची सारी भिस्त या सवयीवर असते. विग्रह उजवीकडून करावा, हे त्यावरील उत्तर.

रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये बँकांना ‘बँक.इन’ या राखीव उत्तरपदाखाली आपली संकेतस्थळे नेण्यास सांगितले आणि त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली. त्यामागील तत्त्व हेच आहे. हे उत्तरपद बँकेवाचून कोणास मिळत नसल्याने, पत्त्याचा शेवट पाहून बँक ओळखणे सामान्य खातेदारासही शक्य होते.

दुसरा धोका वर्णसाम्याचा. रोमन लिपीत ‘आर’ आणि ‘एन’ ही लहान अक्षरे जवळ आली की ‘एम’ असल्याचा भास होतो. ‘एल’च्या जागी एकचा आकडा आणि ‘ओ’च्या जागी शून्य सहज खपून जाते. रशियन लिपीतील काही अक्षरे तर रोमन अक्षरांसारखीच दिसतात, मात्र संगणकाच्या लेखी ती भिन्न असतात. नारायणराव पेशव्यांच्या १७७३ मधील वधाशी निगडित असलेल्या आख्यायिकेने मराठीला ‘ध चा मा करणे’ हा वाक्प्रचार दिला. आख्यायिकेची ऐतिहासिकता काहीही असो, एका अक्षराच्या फेराने हुकमाचा अर्थ फिरतो हे भान तिने भाषेत टिकवून ठेवले आहे. विक्रेत्याच्या नावात एक अक्षर वाढविलेला किंवा गाळलेला पत्ता विकत घेऊन तेथून बिले धाडणे, हा औद्योगिक पत्रव्यवहारातील ‘ध चा मा’ होय.

५. मागणीचे व्याकरण

पत्ता एकवेळ नजरेतून निसटेल, पण पत्राचा हेतू लपविता येत नाही; कारण वाचणाऱ्याकडून काही करवून घेतल्यावाचून फसवणूक पूर्ण होत नाही. जे. एल. ऑस्टिन यांच्या १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांपासून वाक्याकडे कृती म्हणून पाहण्याची दृष्टी भाषाविचारात रुळली. आपल्याकडील मीमांसकांनी विधिवाक्याचा, म्हणजे ऐकणाऱ्याला प्रवृत्त करणाऱ्या वाक्याचा, ऊहापोह त्याच्या कित्येक शतके आधी केला होता. तोतया पत्र हे या अर्थाने विधिवाक्य आहे. उरलेला मजकूर त्याचा परिवार. खालील नमुना कल्पित आहे, परंतु त्याची घडण प्रत्यक्षातील आहे.

“महोदय, आपल्या दिनांक १२ च्या पर्चेस ऑर्डरसंदर्भात कळविण्यात येते की, आमच्या नेहमीच्या बँक खात्याचे ऑडिट चालू असल्यामुळे उर्वरित रक्कम सोबत दिलेल्या नव्या खात्यात जमा करण्यात यावी. मशिन पॅक होऊन तयार आहे. रक्कम आज सायंकाळपर्यंत न मिळाल्यास माल पुढील जहाजाने पाठवावा लागेल. मी बैठकीत असल्याने फोनवर उपलब्ध नाही. कृपया याच मेलवर उत्तर द्यावे.”

या पत्रात भाषेची एकही चूक नाही. त्याचे पृथक्करण केले असता चार बाबी दिसतात.

पहिली बाब जुन्या आणि नव्या माहितीची. प्राग संप्रदायाच्या भाषाशास्त्रज्ञांनी वाक्यातील ज्ञात अंश आणि नवा अंश यांत भेद केला. तो भेद संपूर्ण पत्राला लावावा. ऑर्डरची तारीख, मशिन, जहाज हे सारे ज्ञात आणि बहुधा खरेही आहे. ते चोरलेल्या पत्रव्यवहारातून घेतलेले असते. नवी माहिती एकच : खाते क्रमांक. ज्ञात अंशाच्या खरेपणामुळे नवा अंशही खरा वाटतो. म्हणून वाचकाने स्वतःस विचारावे, ‘या पत्रात आजवर ठाऊक नसलेले काय आहे?’ आणि खातरजमा नेमकी त्याची करावी.

दुसरी बाब कर्त्याच्या लोपाची. ‘कळविण्यात येते’, ‘जमा करण्यात यावी’, ‘खाते बंद करण्यात येईल’ ही रचना मराठी प्रशासकीय भाषेचा कणा आहे. तिच्यात कर्ता सांगावा लागत नाही. खऱ्या कार्यालयात तो पदाने आणि सहीने सूचित असतो. तोतयाला मात्र ही रचना आयतीच लाभते. ‘करण्यात येईल’ असे वाचताच ‘कोणाकडून?’ हा प्रश्न विचारण्याची सवय हवी.

तिसरी बाब मुदतीची. वेळेची मर्यादा आणि तिच्याशी जोडलेली हानी यांमुळे विचाराचा अवकाश आकुंचित होतो. २०२२ मध्ये राज्यभर आलेल्या संदेशांत वीज ‘आज रात्री’ तोडण्याची धमकी असे, आणि महावितरणला ग्राहकांना जाहीर सावधगिरीचा इशारा द्यावा लागला. मार्चअखेर, जीएसटी विवरणपत्राच्या तारखा आणि दिवाळीपूर्वीचे बोनसचे दिवस हा अशा पत्रांचा हंगाम असणे स्वाभाविक आहे; त्या दिवसांत मुदतीची भाषा खऱ्या पत्रांतही असते.

चौथी बाब सर्वांत महत्त्वाची : पडताळणीची दारे बंद करणे. ‘फोनवर उपलब्ध नाही’, ‘याच मेलवर उत्तर द्यावे’, ‘तूर्त कोणास सांगू नये’. प्रामाणिक पत्रलेखकास पडताळणीची भीती नसते. जे पत्र आपल्याखेरीज दुसऱ्या कोणत्याही मार्गाने खरे-खोटे करू देत नाही, ते तेवढ्यावरून संशयास पात्र ठरते.

विद्यापीठीय जीवनातही हीच घडण आढळते. विभागप्रमुखाच्या नावाने आलेला, ‘आपण मोकळे आहात का?’ असे विचारून पुढे गिफ्ट कार्ड घेण्यास सांगणारा मेल. शोधनिबंध स्वीकारल्याचे कळवून शुल्क मागणारे अनोळखी नियतकालिक. चाकणच्या वाहन-कंपनीत निवड झाली असून सुरक्षा-ठेव भरावी असे सांगणारे नेमणूकपत्र. नोकरीसाठी पैसे घेतले जात नाहीत, असे टाटा मोटर्ससारख्या कंपन्यांना जाहीर करावे लागले आहे.

६. शिक्का, मोर्तब आणि दूरध्वनी

कधी कधी पत्ताही खरा असतो. विक्रेत्याचा पासवर्ड चोरून तोतया त्याच्याच खात्यात बसलेला असतो आणि चालू पत्रव्यवहारातच उत्तर देतो. कधी निरोप वरिष्ठांच्या नावाने येतो. टोयोटा बोशोकू या मोटारींचे भाग बनविणाऱ्या जपानी कंपनीने सप्टेंबर २०१९ मध्ये जाहीर केले की, फसव्या सूचनांनुसार पैसे पाठविल्यामुळे तिच्या युरोपातील उपकंपनीची सुमारे ४ अब्ज येनची हानी झाली आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये सप्टेंबर २०२२ मध्ये मुख्याधिकाऱ्यांच्या नावाने एका संचालकास संदेश आले आणि १ कोटी रुपयांहून अधिक रक्कम निरनिराळ्या खात्यांत पाठविली गेली. तेथे साधन ई-मेलऐवजी व्हॉट्सॲप होते. व्याकरण तेच होते.

अशा वेळी पत्राच्या आत कितीही शोधले तरी निर्णायक खूण सापडत नाही. ती पत्राबाहेर असावी लागते. मराठा दप्तरातील पत्रव्यवहाराने ही गरज ओळखली होती. पत्राच्या आरंभी शिक्का आणि अखेरीस मोर्तब उठे. शिक्क्याने पत्र कोणाचे हे ठरे. मोर्तबाने मजकूर येथे संपला हे ठरे, म्हणजे खाली कोणास ओळ वाढविता येत नसे. आजच्या ई-मेल व्यवस्थेत हेच काम एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क ही तीन तंत्रे करतात. पहिल्याने अमुक नावाने पत्र धाडण्याचा अधिकार कोणत्या संगणकांना आहे ते जाहीर होते. दुसऱ्याने मजकुरावर गणिती मोहोर उमटते आणि वाटेत फेरफार झाल्यास ती मोडते. कसोटीस न उतरलेल्या पत्राचे काय करावे, हे तिसऱ्याने सांगितले जाते. स्वतःच्या नावाने संकेतस्थळ असलेल्या प्रत्येक कारखान्याने आणि महाविद्यालयाने ही तीनही चालू करून घेणे अगत्याचे आहे. करखात्यांची पत्रेही अशाच खुणेने तपासता येतात. २०१९ पासून आयकर आणि जीएसटी कार्यालयांच्या पत्रांवर दस्तऐवज ओळख क्रमांक घालण्याची पद्धत सुरू झाली. त्यावरील क्रमांक खात्याच्या संकेतस्थळावर स्वतः जाऊन पडताळावा, पत्रातील दुव्यावरून नव्हे.

तथापि पासवर्डच चोरीस गेला असेल तर मोहोरही खरी उमटते. तेथे उपाय एकच आणि तो अत्यंत साधा आहे : बँक खाते बदलल्याचे कोणतेही पत्र आले की, जुन्या नोंदवहीत असलेल्या क्रमांकावर फोन करून ओळखीच्या माणसाच्या तोंडून ते ऐकावे. पत्रात दिलेल्या क्रमांकावर कधीही करू नये, कारण तेथे फोन उचलणाराही तोतयाच असेल. ठरावीक रकमेवरील प्रत्येक पेमेंट दोन माणसांच्या मंजुरीने जावे.

हा नियम साधा असला तरी पाळणे सोपे नाही, कारण आड भाषेतील अधिकार येतो. ‘साहेबांचा मेल आहे’ असे म्हटल्यावर लहान कारखान्यातील अकाउंटंट साहेबांना उलट फोन करून ‘हे आपणच लिहिलेत का?’ असे विचारण्यास कचरतो. तो प्रश्न अविश्वासाचा किंवा उद्धटपणाचा वाटतो. म्हणून विचारण्याची परवानगी वरून आणि आधीच दिली गेली पाहिजे. मालकाने स्वतः सांगावे की, माझ्या नावाने पैशाचा मेल आला तर मला विचारल्यावाचून रुपयाही पाठवू नये. मग विचारणे हा उद्धटपणा न राहता ते कर्तव्य होते.

७. वर्दी

पत्र संशयास्पद वाटले आणि हानी झाली नाही, तरी वर्दी द्यावी. पत्र पुसून टाकू नये, त्यातील दुवा किंवा जोडपत्र उघडू नये, त्याला उत्तर देऊ नये. मूळ मेल जोडपत्राच्या रूपाने संस्थेच्या संगणक-विभागाकडे पाठवावा. केवळ पडद्याचे छायाचित्र धाडल्यास पत्र कोणत्या मार्गाने आले हे सांगणारा शीर्षभाग हरवतो. मेल-सेवेतील ‘फिशिंग कळवा’ ही सोय वापरावी. ज्या संस्थेचे नाव वापरले गेले तिलाही कळवावे. एकाच औद्योगिक वसाहतीत एकच पत्र अनेक दारे ठोठावीत असते. एकाच्या वर्दीने शेजारचा सावध होतो.

पासवर्ड दिला गेला असेल तर तो दुसऱ्या उपकरणावरून तत्काळ बदलावा आणि आपल्या मेल-खात्यात कोणी पत्रे बाहेर वळविण्याचा नियम घालून ठेवला आहे का, ते पाहावे. हा नियम राहून गेला तर पासवर्ड बदलूनही पत्रव्यवहार फुटतच राहतो.

पैसे गेले असतील तर घड्याळाशी शर्यत असते. प्रथम बँकेस आणि त्याच वेळी १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर कळवावे. केंद्रीय गृहमंत्रालयाचे राष्ट्रीय सायबर गुन्हे वर्दी संकेतस्थळ २०१९ मध्ये सुरू झाले. आर्थिक फसवणुकीसाठी २०२१ मध्ये त्याला दूरध्वनीची जोड मिळाली. तक्रार नोंदविली की रक्कम ज्या बँकेत गेली तिला सूचना जाते आणि त्या खात्यात जे शिल्लक असेल ते रोखून धरता येते. चोर मात्र ती रक्कम भाड्याने घेतलेल्या खात्यांतून पुढे पुढे सरकवीत असतो. म्हणून पहिल्या काही तासांतील वर्दी आणि चौथ्या दिवशीची वर्दी यांच्या फळात मोठा फरक पडतो. व्यवहार क्रमांक, वेळ, रक्कम आणि लाभार्थी खाते एवढी माहिती हाताशी ठेवावी. रक्कम परदेशी गेली असेल तर बँकेने समोरील बँकेस ती परत मागणारा संदेश लगोलग पाठवावा, असा आग्रह धरावा.

रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने, खातेदाराच्या अनुमतीवाचून झालेल्या व्यवहारांपुरते, वर्दीच्या क्षणाला कायदेशीर वजन दिले. खातेदाराने स्वतःच्या हयगयीने गुप्त माहिती दिली असेल, तर बँकेस कळविण्यापूर्वीची हानी त्याची आणि कळविल्यानंतरची बँकेची, असे तत्त्व त्यात घालून दिले गेले. सर्ट-इन या राष्ट्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी कंपन्यांवरही भार टाकला : फिशिंगसह ठरावीक प्रकारच्या घटना ध्यानात आल्यापासून ६ तासांच्या आत कळविणे आवश्यक केले.

फौजदारी तक्रारीसाठी १५ ऑगस्ट २०१८ रोजी स्थापन झालेल्या पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयाकडे जावे. चाकण त्याच्याच हद्दीत येते. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम ६६-क हे दुसऱ्याची ओळख चोरण्याविषयीचे म्हणून जे सांगितले जाते, ते इंग्रजी वर्णक्रमानुसार ६६-सी होय. संगणकाद्वारे तोतयेगिरी करून ठकविण्याविषयीचे कलम ६६-डी. मराठी तक्रार लिहिताना हा घोटाळा टाळावा.

८. उपसंहार

वर्दीच्या आड येणारा सर्वांत मोठा अडथळा तांत्रिक नाही. तो लाजेचा आहे. ‘फसलो’ हे क्रियापद मराठीत कर्त्याच्याच माथी कमीपणा मारते, आणि फसविणारा वाक्यात येतही नाही. ज्याने चुकीच्या खात्यात पैसे पाठविले तो अकाउंटंट बोलणी खाण्याच्या किंवा नोकरी जाण्याच्या भयाने दोन दिवस गप्प राहतो. रक्कम परत मिळण्याची शक्यता बहुधा त्याच दोन दिवसांत संपते. तेव्हा जो मालक किंवा विभागप्रमुख तत्काळ येऊन सांगणाऱ्यास शिक्षा न करता आधी बँकेस फोन लावतो, तो केवळ उदारपणा करीत नसतो, आपलेच धन राखत असतो.

भाषाविभागांनाही येथे करण्यासारखे काम आहे. मराठीतील फसव्या पत्रांचा व्यक्तिगत तपशील वगळलेला संग्रह तयार करून त्यांतील विधिवाक्यांचे, मुदतीच्या शब्दांचे आणि कर्तृलोपी रचनांचे वर्गीकरण करता येईल. असा संग्रह पोलीस, बँका आणि कामगारांचे प्रशिक्षण-वर्ग या सर्वांच्या उपयोगी पडेल.

सारांश, तोतया पत्र शुद्धाशुद्धतेवरून ओळखू नये. पत्त्याचा विग्रह उजवीकडून करावा, पत्रातील नवी माहिती वेगळी काढावी, पडताळणीचे दार कोण बंद करतो आहे ते पाहावे, आणि पैशाची गोष्ट पत्राबाहेरच्या मार्गाने खरी करून घ्यावी. एवढे करूनही गफलत झालीच, तर ती त्याच घटकेस सांगावी.